पिस्टनची साक्ष

१

पिस्टनच्या माथ्याला पडलेल्या भोकात आत्याबाईंनी करंगळी घातली. ती दुसऱ्या पेरापर्यंत आरामात गेली.

"एवढ्याशा भोकापायी माझा भाऊ जाता जाता वाचला," त्या म्हणाल्या आणि पाठोपाठ तीनदा शिंकल्या. चार दिवसांच्या सर्दीने त्यांचं नाक पार बंद होतं. वास नाही, चव नाही, आणि त्यात हे.

आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी अकरा वाजता, भावाच्या वर्कशॉपमध्ये एका कंत्राटदाराची टर्बो गाडी रोलरवर चढवली होती. रोलर म्हणजे गाडी जागच्या जागी पळवून तिची ताकद मोजायचं यंत्र. चौथ्या फेरीला इंजिन फुटलं. लोखंडाचा एक तुकडा ब्लॉक फोडून बाहेर आला आणि शेजारी उभ्या असलेल्या भावाच्या मांडीत घुसला. बत्तीस टाके पडले. आता तो हॉस्पिटलात होता, शुद्धीवर होता, पण कोणाशी धड बोलत नव्हता.

आत्याबाईंनी एकतीस वर्षं इंजिनांच्या कारखान्यात काढली होती. फुटलेलं इंजिन समोर ठेवायचं आणि ते का फुटलं ते सांगायचं, एवढीच नोकरी. निवृत्त झाल्यावर गुडघे गेले, संशयी स्वभाव मात्र शाबूत राहिला. म्हणूनच भाचीने पहाटे फोन करून त्यांना बोलावून घेतलं होतं.

भाची समोर उभी होती, डोळे सुजलेले. मिस्त्री इंजिन बांधायचा आणि भाची लॅपटॉपवर ठरवायची की किती हवेला किती पेट्रोल द्यायचं. बारा वर्षं हेच काम, आणि आजवर तिच्या हातचं एकही इंजिन फुटलेलं नव्हतं.

"पिस्टन काय म्हणतो, आत्या?"

"कड वितळलीय. माथ्यावर वाळूने घासल्यासारखे खड्डे आहेत. पेट्रोल कमी पडलं, पोरी. मिश्रण लीन होतं."

"नव्हतं! मिश्रण मोजायचा मीटर साडेअकरा दाखवत होता. डोळ्यांत तेल घालून बघत होते मी."

"मग मीटरचं कार्ड दाखव. त्यात सगळी नोंद असते ना?"

भाचीने मीटर उलटा करून धरला. कार्डाची खाच रिकामी होती.

"काल फेऱ्या चालू होत्या तेव्हा होतं. संध्याकाळी बघते तर नाही. सगळ्यांना वाटतंय मीच काढून फेकलं."

"फेकलंस का?"

"आत्या!"

"विचारावं लागतं." आत्याबाईंनी नाक पुसलं. "आणि तुझी स्वतःची गाडी कुठाय? दारात दिसत नाही ती."

भाची खालीच बसली.

"तो घेऊन गेलाय. डोंगराच्या शर्यतीला. आज चार वाजता."

तो म्हणजे तिचा नवरा. गाडीत इंजिन तशाच बनावटीचं, टर्बोही तसाच. बुधवारी त्याच मीटरवर, तिनेच ट्यून केलेली.

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

२

"अगं, मग थांबव त्याला!"

"रात्रभर विनवलं. तो म्हणतो, तुझी चूक काय झाली ते सांग, त्या क्षणी थांबतो. नुसती भीती वाटते म्हणून थांबलो तर उद्या सगळे म्हणतील, नवऱ्यालाच बायकोच्या हातावर भरवसा नाही."

"मग सांग काहीतरी खोटंनाटं."

"सांगून बघितलं. त्याला माझं खोटं कळतं."

आत्याबाईंनी स्वतः फोन लावला. जावयाचा आवाज नेहमीसारखा शांत होता. तो म्हणाला, "आत्या, मीटर साडेअकरा दाखवत होता ना? मग झालं तर. तिचा आकडा चुकत नाही. तुम्हाला चूक सापडली तर कळवा, साडेतीनपर्यंत फोन जवळ आहे. मग हेल्मेट चढवणार."

त्यांनी फोन ठेवला. साडेअकराचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक होता. साध्या इंजिनात साडेचौदा भाग हवेला एक भाग पेट्रोल पुरतं. पण टर्बो हवा दाबून कोंबतो, आग भयंकर होते, म्हणून तिथे पेट्रोल मुद्दाम जास्त द्यायचं, साडेअकरा भागांना एक. जास्तीचं पेट्रोल जळत नाही. ते नुसतं उष्णता खातं आणि आगीला ताळ्यावर ठेवतं. ऐकायला उफराटं वाटतं, पण पेट्रोलच इंजिनाला थंड ठेवतं. तो आकडा बाराच्या वर सरकला की ताकद वाढते, म्हणून लोभी माणसं तिकडे जातात. आणि तिथेच पिस्टन वितळतात.

रोलरवरची फेरी बारा सेकंदांची. डोंगराची चढण चार किलोमीटरची, पाय दाबलेला.

मिस्त्री मागच्या दाराने आत आला. हातात धुतलेले सुटे भाग, त्यांतून थेंब गळत होते. तीस वर्षं भावाबरोबर काम केलेला माणूस. भाचीला पाहून त्याने मान दुसरीकडे वळवली. गेले सहा महिने दोघं बोलत नव्हते. ती एकदा चिडून म्हणाली होती, तुमच्या कानांवर गाड्या चालत नाहीत आता. आणि तो म्हणाला होता, मग बटणांवरच बांध इंजिनं. तेव्हापासून भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहून कामं चालायची. छप्पर एक, काम एक, आणि पत्रव्यवहार.

आत्याबाईंनी स्टूल ओढलं. अख्खी जमीन तेलाने काळी, फक्त एका कोपऱ्यात पाटाएवढा चौकोन स्वच्छ होता. "ही एक जागा बरी दिसतेय," म्हणत त्या तिथेच बसल्या.

"मिस्त्री, बांधणीत काही राहिलं असेल?"

"ताई, माझ्या हातचा बोल्ट मोजून बघा. एक जरी सैल निघाला तर उद्यापासून हे दार चढणार नाही."

आत्याबाईंनी आधीच मोजले होते. एकही सैल नव्हता.

"फुटण्याआधी काही ऐकू आलं?"

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "दुसऱ्या फेरीलाच ठोका आला. बारीक. पत्र्यावर खडे पडावेत तसा."

"मग सांगितलं का नाही?"

"कोणाला सांगणार?" त्याने भाचीकडे पाहिलं नाही. "खडू घेऊन फळ्याकडे निघालो होतो, ताई. तोवर फुटलं."

भाचीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. फळ्यावर पांढरी रेघ होती, एकच, अर्धवट ओढलेली.

३

साडेअकरा वाजता कंत्राटदार आला तो तणतणतच. दारातूनच सुरू झाला.

"पोलिसांत जाणार आहे मी! ताकद जास्त दाखवायची म्हणून या मुलीने पेट्रोल कापलं. आणि हो, मी कुठल्याही स्क्रूला हात लावलेला नाही!"

आत्याबाईंनी मान वर केली. "स्क्रूचं नाव कोणी काढलं?"

कंत्राटदार एकदम थांबला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. दोन मिनिटांत त्याने सगळं ओकून टाकलं. शुक्रवारी संध्याकाळी कोणाचं लक्ष नसताना त्याने टर्बोचा दाब वाढवायचा स्क्रू अर्धा वळसा फिरवला होता. जास्त दाब म्हणजे जास्त हवा, आणि हवा वाढून पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण लीन.

"बघ आत्या!" भाची ताडकन उठली. "सापडलं! त्याला फोन करते—"

"थांब. कुठला स्क्रू, ते दाखवा."

कंत्राटदाराने गाडीचं बॉनेट उघडून बोट ठेवलं. मिस्त्रीने वाकून पाहिलं आणि कालपासून पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आलं.

"ताई, हा दिव्याचा स्क्रू आहे. हेडलाइट वर-खाली करायचा."

कंत्राटदार घाम पुसत राहिला. बाकी कोणालाच हसू आलं नाही, कारण जावयाच्या गाडीतला स्क्रू कोणी फिरवला नव्हता हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. कारण असं हवं होतं जे दोन्ही गाड्यांना लागू पडेल.

तेवढ्यात मागच्या गल्लीतून कोणीतरी खिडकी थापटली. तिथे शेजारची शिंपीण राहायची. वर्कशॉपची मागची खिडकी आणि तिची खिडकी समोरासमोर, मधे हातभर रुंद बोळ, वारा म्हणून नाही.

"भाऊ कसे आहेत?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाली, "बाई, आठवडाभर मी खिडकी बंद करून बसतेय. वासाने डोकं चढतं. सोमवारपासून तर हद्द झाली. सांगा जरा यांना."

"वर्कशॉप आहे, वास यायचाच," आत्याबाई म्हणाल्या. त्या बिचाऱ्यांना वास कसला हेही कळत नव्हतं. आणि बाकीच्यांची नाकं पेट्रोलला इतकी सरावली होती की त्यांना वेगळं काही जाणवायचा प्रश्नच नव्हता.

"तुमची भाची मात्र गुणी हो," शिंपीण भाचीकडे बघून हसली. "दर महिन्याला खिडकीबाहेर ती एक वायर खिळ्याला टांगते. मी आपली विचार करते, वाळत काय घालते ही? वायर कधी ओली असते का?"

भाची कसंनुसं हसली. आत्याबाईंनी घड्याळ पाहिलं. पावणेबारा. आता फक्त एकच माणूस उरला होता ज्याला विचारलेलं नव्हतं.

४

हॉस्पिटलच्या खोलीत भाऊ पाठीला उशा लावून बसला होता. बहिणीला पाहिल्यावर त्याने हात पांघरुणाखाली सरकवला.

लहानपणीही तो असाच करायचा. चोरलेली गोळी मुठीत आणि मूठ पाठीमागे. आत्याबाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी नुसता हात पुढे केला.

"दे."

"काय देऊ, ताई?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. कार्ड दे."

भाऊ रडायला लागला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, हुंदके देऊन. स्ट्रेचरवर घालायच्या आधी, तशाही वेदनेत, त्याने ते कार्ड मीटरमधून काढून मुठीत दाबलं होतं.

"मला वाटलं तिने कापलंच असणार पेट्रोल. त्या कंत्राटदाराने मागे लकडा लावला होता ना, अजून ताकद, अजून ताकद म्हणून. ते कार्ड कोणाच्या हातात पडलं असतं तर तिला कोणी पुन्हा काम दिलं नसतं. बापाने दुसरं काय करायचं?"

"तिला विचारायचं, दुसरं काय," आत्याबाई म्हणाल्या. दुपारचा एक वाजत होता आणि रडायला सवड नव्हती.

भाचीने लॅपटॉपमध्ये कार्ड घातलं. रेघा उमटल्या. टर्बोचा दाब ठरलेला तेवढाच, पट्टीने आखल्यासारखा. मिश्रण साडेअकरा. चौथ्या फेरीतही साडेअकरा, अगदी फुटेपर्यंत.

बाप त्या आकड्याकडे बघत राहिला. जो पुरावा लपवायला त्याने जीव पणाला लावला, तो पोरीच्या बाजूचा निघाला होता.

"म्हणजे माझी चूक नव्हतीच," भाची हळू म्हणाली. आणि मग तिचा चेहरा पांढराफटक पडला. "पण मग त्याला सांगू काय? हे दाखवलं तर तो आणखी निर्धास्त होऊन जाईल!"

आत्याबाई लॅपटॉपकडे बघत बसल्या. कार्ड म्हणतं पेट्रोल भरपूर होतं. पिस्टन म्हणतो कमी होतं. दोघांतला एक खोटं बोलतोय. आणि एकतीस वर्षांत त्यांना पिस्टन खोटं बोललेला आठवत नव्हता.

भावाला खोकल्याची उबळ आली. नर्सने येऊन छातीत ओढायचा औषधाचा पंप हातात दिला. त्याने तो बहिणीपासून लपवायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता.

"हे कधीपासून?"

"वर्ष झालं. पोरीला बोलू नकोस," भाऊ म्हणाला. पोरगी तिथेच उभी आहे हे त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. "डॉक्टर म्हणाले पेट्रोलच्या वाफा बंद करा, नाहीतर काम बंद करा. आता बरंय. गेल्या आठवड्यापासून आत तेवढ्या वाफा नाहीत."

"गेल्या आठवड्यापासून," आत्याबाई पुटपुटल्या. "सोमवारपासून?"

भावाने मान हलवली. आत्याबाई अशा उठल्या की गुडघ्यांनाही तक्रार करायला वेळ मिळाला नाही.

५

परतीच्या वाटेवर गर्दीत गाडी अडकली. अडीच वाजले, पावणेतीन वाजले. भाची खिडकीच्या काचेवर बोटांनी ताल धरून होती आणि तिला स्वतःला ते कळत नव्हतं. जीव टांगणीला लागलेल्या माणसाशी शांतपणे बोलावं लागतं, म्हणून आत्याबाईंनी आवाज खाली आणला.

"मला एक सांग. मीटरला कसं कळतं साडेअकरा म्हणजे किती?"

"सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, किती उरला ते, आणि पेट्रोल जास्त असेल तर किती कमी पडला तेही. त्यावरून मीटर हिशोब करतो."

"आणि सेन्सर खरं मोजतोय हे कोण ठरवतं?"

"हवा. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी सेन्सर काढून मोकळ्या हवेत टांगते आणि बटण दाबते. हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो, जगात कुठेही. मीटर समोर जे दिसेल त्याला एकवीस मानतो आणि तिथून पुढे सगळं मोजतो."

"कुठे टांगतेस?"

"मागच्या खिडकीबाहेर. खिळा आहे ना. बारा वर्षं तिथेच—"

भाचीच्या बोटांचा ताल थांबला.

"वर्कशॉपमध्ये एक चौकोन स्वच्छ आहे," आत्याबाई म्हणाल्या. "बरीच वर्षं तिथे काहीतरी होतं आणि नुकतंच कोणीतरी उचललं. मिस्त्री धुतलेले भाग मागच्या दाराने आणतो. शिंपिणीचं डोकं सोमवारपासून चढतंय. आणि तुझ्या बापाची छाती सोमवारपासून बरी आहे. आता सांग, भाग धुवायचा पेट्रोलचा ट्रे कुठे असेल?"

वर्कशॉपला पोचल्या तेव्हा सव्वातीन झाले होते. भाची धावत मागच्या खिडकीशी गेली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा तिने खाली वाकून पाहिलं. खिळ्याच्या बरोबर खाली, हातभर अंतरावर, उघडा ट्रे होता. पेट्रोलने भरलेला.

"अगं बाई!" ती मागे सरकली. "तापलेला सेन्सर मी यावर टांगला होता?"

"तिथेच भडका उडाला नाही हे पूर्वजांचं पुण्य," आत्याबाई म्हणाल्या. "आता सेन्सर काढ. नुसत्या तर्काने तुझा नवरा थांबायचा नाही. आधी पुढच्या अंगणात चल."

पुढच्या फाटकाशी मोकळा वारा होता. मीटर चालू केला, सेन्सर हवेत धरला. आकडा चढत गेला आणि सव्वीसवर थांबला.

सव्वीस टक्के ऑक्सिजन. अशी हवा पृथ्वीच्या पाठीवर नाही.

"स्फोटात सेन्सर गेला असेल," मिस्त्री म्हणाला. म्हणाला आत्याबाईंना, पण बघत होता मागच्या दाराकडे.

"रास्त शंका आहे. मग त्याला नव्याने शिकवू." त्यांनी बटण दाबायला लावलं. मोकळ्या हवेत मीटर एकवीस दाखवू लागला. "आता मागे. मिस्त्री, वाळूची बादली घेऊन उभे राहा. आणि हे यापुढे कोणी कधी करायचं नाही."

खिडकीबाहेर, त्याच खिळ्याशी सेन्सर धरला. आकडा उतरत गेला. वीस. एकोणीस. सतरा. तिथेच थांबला.

"पेट्रोलच्या वाफा सेन्सरपाशी ऑक्सिजन खातात," आत्याबाई म्हणाल्या. "मंगळवारी समोर सतरा होते आणि मीटरने त्यालाच एकवीस मानलं. तेव्हापासून तो सगळंच सव्वापट फुगवून मोजतोय. एकविसाचे सव्वापट सव्वीस, आत्ता दाखवले तेवढेच. बिघडलेल्या सेन्सरला पुढचं दार कुठलं आणि मागचं कुठलं हे कळत नाही. हा सेन्सर शहाणा आहे, त्याला शिकवणी चुकीची मिळाली."

"म्हणजे ऑक्सिजन किती कमी पडतोय, पेट्रोल किती जास्त आहे, हेही तो फुगवून सांगत होता," भाची म्हणाली. "साडेअकरा दाखवला तेव्हा खरं बाराच्या वर होतं. जास्त आहे असं समजून मीच कमी करत गेले. दोन्ही गाड्यांना."

मिस्त्री बादलीसकट खाली बसला.

"ट्रे मी ठेवला, ताई. भाऊंची छाती घरघर करायची, बघवेना. त्यांनीच सांगितलं पोरीला कळू देऊ नकोस, ती मला घरी बसवेल. नाहीतर फळ्यावर लिहिलं असतं. करायला गेलो एक..."

पण भाची ऐकत नव्हती. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सापडली, आत्या! माझी चूक सापडली!"

तिने नवऱ्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली. तीन वाजून अडतीस मिनिटं झाली होती, आणि हेल्मेट चढलं होतं.

६

शर्यतीच्या कागदावर चिटणीसाचा नंबर होता. चौथ्यांदा लागला.

"सात नंबरची गाडी थांबवा," भाची ओरडली.

"कोण बोलतंय?" पलीकडे इंजिनांचा गोंगाट.

"मी तिची ट्यूनर आहे. मिश्रण चुकलंय. माझ्याकडून चुकलंय. इंजिन वरपर्यंत टिकणार नाही."

"बाई, आज क्रम बदललाय. सात नंबर रेषेवर उभा असेल. असं फोनवर—"

"लिहून घ्या! ट्यूनरने स्वतःची चूक कबूल केली म्हणून लिहा, लाउडस्पीकरवर सांगा, काय हवं ते करा. पण झेंडा पाडू नका!"

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं धावत गेली. वर्कशॉपमध्ये तिघं त्या फोनभोवती उभी होती.

मग फोनमधून एक इंजिन गरजलं. टर्बोची शीळ चढत गेली, वर, आणखी वर, आणि गाडी सुटल्याचा कर्कश आवाज आला. भाचीने टेबलाची कड धरली आणि डोळे मिटून घेतले.

मिस्त्री फोनवर वाकला होता. कान अगदी टेकवून, कपाळाला आठ्या घालून. आवाज डोंगरात विरेपर्यंत तो ऐकत राहिला. मग त्याने मान वर केली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं.

"पोरी," तो म्हणाला, "हे इंजिन आपलं नाही."

"नक्की?"

"मी बांधलंय ते. आपलं इतकं पातळ ओरडत नाही."

तिने त्याचा तेलकट हात घट्ट धरला. दोघं तशीच उभी राहिली. किती वेळ गेला कोणास ठाऊक. आत्याबाईंच्या हिशोबाने दोन मिनिटं, त्यांच्या छातीच्या हिशोबाने दोन वर्षं. अखेर फोनमध्ये खरखर झाली.

"काय गं," जावई म्हणाला, "एवढं लाउडस्पीकरवर सांगायचं होतं का? अख्ख्या डोंगराला कळलं." त्याचा आवाज मात्र सकाळसारखा शांत राहिलेला नव्हता. "काय चूक झाली?"

"खिडकीतून खाली वाकून बघितलं नाही," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी गाडी ट्रकवर लादून आली. मिस्त्रीने तिचे प्लग काढले आणि तिसरा प्लग न बोलता जावयाच्या तळहातावर ठेवला. पांढऱ्या चिनी मातीवर चंदेरी ठिपके होते, टाचणीच्या टोकाएवढे. पिस्टन वितळायला लागला होता. जावयाने तो प्लग खिशात घातला. तो अजूनही त्याच्या खिशात असतो.

भावाला वर्कशॉपात यायची मनाई झाली. तो रोज फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देतो. ट्रेला झाकण आलं, आणि तो पार परसाच्या टोकाला गेला. कंत्राटदाराने पोलिसांचं नाव पुन्हा काढलं नाही. हेडलाइट मात्र नीट करून मागितला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आत्याबाई मुद्दाम आल्या होत्या. फळा धुऊन लख्ख केलेला होता. मिस्त्री सेन्सर हातात घेऊन पुढच्या फाटकाशी उभा होता आणि आत बघून हाका मारत होता.

"पोरी, ये लवकर! याला हवा दाखवायची आहे."

भाची मीटर घेऊन धावत आली. दोघांनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंची सर्दी एव्हाना गेली होती. त्या फाटकाबाहेर गेल्या, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकूनही पाहिलं. मग त्यांनी छाती भरून एक लांब श्वास घेतला.

"चालेल," त्या म्हणाल्या. "टांगा."